पदवीवाचूनच्या वाटा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत मार्गदर्शन केंद्राच्या वतीने बडोद्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रीगजाननाला वंदन करून सुरुवात करतो. बाप्पाला आपण चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती म्हणतो. मुलाला शाळेत घालताना त्याच्या पाटीवर आधी श्रीगणेशाच काढतो. पण पुढे घरातली बोलणी ऐकली, तर चौदा विद्यांचीच चिंता दिसते. चौसष्ट कलांचा विषय फक्त प्रार्थनेपुरता उरतो. आज त्या कलांविषयी, म्हणजे हाताच्या कौशल्यावर उभ्या असलेल्या आणि चांगला पैसा देणाऱ्या कामांविषयी बोलायचे आहे.

मंडळाच्या मार्गदर्शन केंद्रात आम्ही चार जण बसतो. दोघे कारखान्यातून निवृत्त झालेले, एक बँकेतले आणि एक शिक्षिका. दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक मुलाला घेऊन येतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो : "एवढ्या टक्क्यांत इंजिनिअरिंगला कुठे मिळेल?" मुलाला काय आवडते, हा प्रश्न आम्ही विचारला की मुलगा आईकडे बघतो आणि आई वडिलांकडे. इंजिनिअरिंग नाही तर बी.कॉम., ते नाही तर निदान बी.ए. काही झाले तरी पदवी हवी. आता नव्या शैक्षणिक धोरणात साध्या पदवीलाही चौथे वर्ष जोडण्याची सोय झाली आहे. म्हणजे चार वर्षे, त्यांची फी, आणि त्यानंतर नोकरीचा शोध. ज्याला त्या विषयाची ओढ आहे, त्याने ते अवश्य करावे. पण ज्याला ओढ नाही आणि ज्याच्या घरी कर्ज काढल्याशिवाय फी भरणे शक्य नाही, त्यानेही तेच केले पाहिजे का, हा आमचा प्रश्न आहे.

आपल्याला पदवी एवढी का लागते

याचे कारण आपल्या इतिहासात आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज गायकवाडांच्या राज्यात लेखणीच्या जोरावर आले. कुणी कारकून, कुणी फडणीस, कुणी शिक्षक, कुणी वकील. शिक्षणानेच घराणी उभी राहिली, म्हणून शिक्षणावरची श्रद्धा आपल्या रक्तात आहे. ती चांगलीच आहे. पण हळूहळू शिक्षण म्हणजे कागद आणि कागद म्हणजे पदवी, असे समीकरण झाले. "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आपल्याच भाषेतली आहे, पण आपण ती उलटी जगलो.

गंमत अशी, की हे समीकरण मोडायचा पहिला मोठा प्रयत्न याच गावात झाला. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केले. प्रमुख होते रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर. यंत्रकाम, रंगाई, स्थापत्य, चित्रकला असे हाताचे शिक्षण शास्त्रशुद्ध रीतीने आणि देशी भाषेतून द्यावे, हा त्यामागचा विचार होता. त्या काळात इंग्रजी शिकून कचेरीत चिकटणे हीच प्रतिष्ठेची वाट असताना महाराजांनी दुसरी वाट बांधून दिली. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. चित्रपटाचा कारखाना उभा करणाऱ्या या माणसाची तयारी चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रण या हातांच्या कलांमध्ये झाली. गज्जरांच्या शिष्यांपैकी कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी गज्जरांबरोबर १९०७ मध्ये अॅलेम्बिक उभी केली. तिच्यावर या गावातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले, आणि कलाभवन त्याच्या तंत्रशिक्षणाच्या विद्याशाखेत सामावले गेले. तिथे आज आपण मुलाला पदवीसाठी रांगेत उभे करतो. ती वास्तू मुळात कशासाठी उभी राहिली, हे मात्र फारसे कुणाला आठवत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेही तसेच. ते मुंबईला चित्रकला शिकायला गेले. रंग ओळखण्यात अडचण आहे असे लक्षात आल्यावर यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, तेच विषय शिकवू लागले आणि पुढे बेळगावात सायकलींचे दुकान काढले. तिथून लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. या सगळ्या वाटेवर अभियांत्रिकीची पदवी कुठेही नाही.

सी.ए.कडे बघा

कुणी म्हणेल, ती मोठी माणसे, तो काळ वेगळा. मग आजचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे सी.ए. झालेल्या मुलाचा मान केवढा असतो! पण सनदी लेखापाल व्हायला पदवी लागत नाही. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग एखाद्या सी.ए.च्या हाताखाली आर्टिकलशिप आणि शेवटी फायनल. २०२३ च्या नव्या योजनेपासून ही आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे. पुष्कळ मुले जोडीला बी.कॉम. करतात, पण ते नियमाने आवश्यक नाही. परीक्षा कठीण आहे, अनेकदा बसावे लागते. पण खर्च खाजगी इंजिनिअरिंगच्या मानाने फारच कमी.

आता नीट बघा. जाणत्या माणसाच्या हाताखाली राहायचे, त्याच्या देखरेखीत खरे काम करायचे, मग कडक परीक्षा द्यायची आणि सही करण्याचा अधिकार मिळवायचा. याला आपण सी.ए. म्हणतो तेव्हा मान देतो. हाच क्रम वेल्डर, बॉयलर चालवणारा किंवा रेल्वे इंजिनाचा चालक पार करतो, तेव्हा मात्र आपण "आयटीआय केलंय" असे हळू आवाजात सांगतो. दोघांची घडण एकाच पद्धतीची आहे. फरक फक्त हाताला तेल लागते की शाई, एवढाच.

म्हणून केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पदवीऐवजी तीन प्रश्न विचारायला सांगतो. पहिला : हे प्रमाणपत्र कोण देते? सरकार, कायद्याने नेमलेले मंडळ, की कोपऱ्यावरचा क्लास? दुसरा : ते प्रमाणपत्र नसेल तर हे काम करायला कायद्याने किंवा कंपनीच्या नियमाने मनाई आहे का? मनाई असेल तर त्या कागदाला किंमत आहे. तिसरा : याच्या वरची पायरी कोणती? ज्या कामाला वरची पायरीच नाही, तिथे पंचविशीत मिळणारा पगार चाळिशीतही तोच राहतो. आता या तीन कसोट्यांवर आपल्या गावातली काही कामे घासून पाहू.

कारखान्याच्या आत

आपण पेट्रोकेमिकलच्या पट्ट्यात राहतो. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे. त्यापूर्वी १९६२ मध्ये जीएसएफसी स्थापन झाली, १९६९ मध्ये आयपीसीएल. नंदेसरीपासून दहेजपर्यंत रसायनांचे कारखाने पसरले आहेत. हे कारखाने दिवसरात्र चालतात आणि त्यांना चालवणारी माणसे तीन पाळ्यांत लागतात.

दहावीनंतर आयटीआयमध्ये केमिकल प्लँट चालवण्याचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, ज्याला एओसीपी म्हणतात. तसाच केमिकल प्लँटच्या उपकरणांचा, म्हणजे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा. तोही दोन वर्षांचा. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हेही दोन वर्षांचे. सरकारी आयटीआयची फी नाममात्र असते. त्यानंतर १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते. उमेदवारीचा स्टायपेंड थोडाच असतो, हे आधीच सांगून ठेवतो. ती वर्षे शिकण्याची आहेत, घर चालवण्याची नाहीत.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा. इंडियन ऑइलच्या अलीकडच्या जाहिराती पाहा. कनिष्ठ अभियांत्रिकी सहायक या पदासाठी केमिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा चालतो आणि वेतनश्रेणी २५,००० ते १,०५,००० रुपये. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला टेक्निकल अटेंडंट हे पद, वेतनश्रेणी २३,००० ते ७८,००० रुपये. ही मूळ वेतनाची श्रेणी आहे. महागाई भत्ता आणि इतर भत्ते त्यावर वेगळे. जागा थोड्या असतात आणि परीक्षेला गर्दी असते, हे खरे. पण एक गोष्ट पालकांना धक्का देते : अशा अनेक जाहिरातींत स्पष्ट लिहिलेले असते की इंजिनिअरिंगची पदवी असलेल्याने या पदाला अर्ज करू नये. म्हणजे जो मुलगा डिप्लोमावर थांबून या परीक्षेला बसू शकला असता, त्याच्यासाठी ओढूनताणून मिळवलेल्या पदवीने हे दार उलट बंद होते. वरच्या पदांसाठी अव्वल विद्यापीठांतल्या मुलांशी स्पर्धा आणि खालच्या पदांना मनाई, अशा फटीत कितीतरी पदवीधर अडकतात.

बॉयलरचे काम याहून वेगळे. वाफेच्या दाबावर चालणारा बॉयलर फुटला तर आसपासची माणसे वाचत नाहीत. म्हणून १९२३ च्या बॉयलर कायद्यापासून प्रमाणपत्रधारक माणसाच्या ताब्यातच बॉयलर चालवायचा, असा दंडक आहे. ठराविक काळ बॉयलरवर मदतनीस म्हणून काम केल्यावर राज्याच्या परीक्षा मंडळापुढे परीक्षा देता येते. आधी द्वितीय श्रेणी, मग प्रथम श्रेणी. औषधाच्या कारखान्यापासून दूध डेअरीपर्यंत जिथे वाफ लागते तिथे हा माणूस लागतो. मालकाला तो ठेवावाच लागतो, कारण निरीक्षक आला की आधी त्याचे प्रमाणपत्र मागतो. आमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे इथे स्वच्छ मिळतात.

वेल्डिंग : एक वर्षाचा ट्रेड, आयुष्याची कारागिरी

वेल्डर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्याकडेला ग्रिल जोडणारा माणूस येतो. तोही कष्टाचाच पैसा मिळवतो. पण रिफायनरीतल्या उच्च दाबाच्या पाइपला जोड देणारा वेल्डर वेगळाच. आयटीआयचा वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा. खरी घडण त्यानंतर होते.

पाइप वेल्डिंगमध्ये सिक्स-जी नावाची एक परीक्षा आहे. पाइप पंचेचाळीस अंशांच्या कोनात घट्ट बसवलेला असतो. तो फिरवायचा नाही. वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचे. कधी वरून, कधी बाजूने, कधी पाठीवर आडवे होऊन खालून. आतला पहिला थर बहुधा टिग पद्धतीने, मग वरचे थर. काम झाले की जोडाचा एक्स-रे काढतात किंवा तो कापून, वाकवून बघतात. आत हवेचा एक बुडबुडा राहिला किंवा थर नीट मिसळला नाही, तर नापास. पास झाला तर त्या पद्धतीपुरता तो "कोडेड वेल्डर". आणि एकदा पास झाला की जन्मभर पास, असेही नाही. एएसएमईच्या नियमाप्रमाणे सहा महिने त्या पद्धतीचे काम केले नाही तर पात्रता संपते. डॉक्टर-वकिलांनाही इतक्या वेळा हात सिद्ध करून दाखवावा लागत नाही.

कारखाने ठराविक काळाने दुरुस्तीसाठी बंद होतात, त्याला शटडाऊन म्हणतात. त्या काही आठवड्यांत उत्पादन थांबलेले असते, प्रत्येक दिवस कंपनीला महाग पडतो. तेव्हा असा वेल्डर सोन्याच्या मोलाचा असतो. जामनगर असो, ओमान असो वा कतार, त्याला बोलावणे येते. आपल्याकडच्या आज्या म्हणतात, हात फिरे तिथे लक्ष्मी वसे. त्याचे याहून शब्दशः उदाहरण सापडणार नाही.

इथे एक सावधगिरी. डोळ्यांचे रक्षण, धुराची काळजी, उंचीवर पट्टा लावणे या गोष्टींत कंजुषी करणाऱ्या ठेकेदाराकडे मुलाने काम करू नये, मग तो रोज कितीही देवो.

रूळांवर आणि पाण्यावर

बडोदे हे पश्चिम रेल्वेच्या विभागाचे ठाणे आहे, त्यामुळे रेल्वेची नोकरी आपल्याला नवी नाही. पण बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तिकीट कचेरी असते. सहायक लोको पायलट हे पद पाहा. दहावी आणि ठरलेल्या ट्रेडचा आयटीआय, किंवा अभियांत्रिकीचा डिप्लोमा, एवढ्यावर अर्ज करता येतो. दोन टप्प्यांची संगणक परीक्षा, मग कल चाचणी. सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये. त्यावर भत्ते आणि गाडी चालवण्याचा वेगळा भत्ता. मालगाडीचा लोको पायलट झाला की मूळ वेतनाची पातळी ३५,४०० पासून सुरू होते. पुढे प्रवासी गाड्या, मेल-एक्सप्रेस.

मात्र अर्ज भरण्याआधी डोळे तपासा. वैद्यकीय कसोटी सर्वांत कडक, ए-वन दर्जाची. चष्म्याशिवाय पूर्ण दृष्टी हवी, रंग अचूक ओळखता यायला हवेत. नंबर घालवण्यासाठी लेझर शस्त्रक्रिया केलेली असेल तर तीही चालत नाही. दोन वर्षे परीक्षेची तयारी करून शेवटी इथे अडकण्यापेक्षा पहिल्या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञाकडे जाणे शहाणपणाचे.

आणि हे काम मुलींचे नाही, असे कुणी म्हणाले तर त्याला सुरेखा यादव यांचे नाव सांगा. साताऱ्याच्या मुलीने कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि रेल्वेत सहायक चालक म्हणून रुजू झाली. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांची नोंद आहे. २०११ मध्ये त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. तीन वर्षांच्या डिप्लोमावर छत्तीस वर्षांची कारकीर्द.

आता समुद्र. जहाजावर दोन दारांनी जाता येते. दहावीनंतर जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून खलाशी म्हणून. किंवा बारावीला भौतिक, रसायन, गणितात साठ टक्के आणि इंग्रजीत पन्नास टक्के असतील तर भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देऊन नॉटिकल सायन्सचा एक वर्षाचा डिप्लोमा. मग दीड वर्ष जहाजावर कॅडेट, त्यानंतर सेकंड मेटची परीक्षा आणि अधिकारीपद. पगार परकीय चलनाच्या हिशेबाने मिळतो. मोबदल्यात महिनोन्महिने घरापासून दूर राहावे लागते. गणपती, दिवाळी, बहिणीचे लग्न सगळे फोनवर.

या क्षेत्रात फसवणूक फार आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. संस्था नौवहन महासंचालनालयाच्या मान्य यादीत आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. जहाजावर पाठवणाऱ्या एजंटाकडे आरपीएसएल परवाना असायला हवा. आणि लक्षात ठेवा, नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्याची परवानाधारक एजंटाला मनाई आहे. कुणी "पाच लाख द्या, महिन्यात जहाज देतो" म्हणाला, तर त्याच्या दुकानातून बाहेर पडा. ही पी हळद अन् हो गोरी पद्धतीची आमिषे गरजू घरांनाच गाठतात.

दवाखान्यातल्या वाटाही आहेत. जीएनएम हा परिचर्येचा तीन वर्षांचा डिप्लोमा कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीलाही करता येतो, मुलालाही. प्रयोगशाळा, एक्स-रे, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह यांचे तंत्रज्ञ लागतात. परिचारिकांना जर्मनीसारख्या देशात मागणी आहे, पण तिथे जर्मन भाषेची बी-टू पातळी गाठावी लागते, आणि त्यासाठी वर्षभर नेटाने अभ्यास करावा लागतो. घरी मराठी, दारी गुजराती, शाळेत हिंदी-इंग्रजी असे वाढलेल्या बडोदेकर मुलांना आणखी एका भाषेचे भय वाटू नये.

दुसरी बाजू

आम्ही इथे पदवीची निंदा करायला उभे नाही. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, संशोधक व्हायचे तर पदवी हवीच. ज्याला गणिताची खरी गोडी आहे, त्याने इंजिनिअरिंग जरूर करावे. आणि हाताच्या कामांत सगळे गोड आहे असेही नाही. पाळीची नोकरी झोप आणि पचन बिघडवते. कायम नोकऱ्या कमी होत चालल्या आहेत, ठेकेदारीवरची वाढत आहेत. तिथे भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, हे मुलाने स्वतः तपासावे. पहिली तीन-चार वर्षे मिळकत थोडी असते. नुसता आयटीआयचा दाखला भिंतीवर लावून कुणाला मोठा पगार मिळत नाही. पगार मिळतो तो दाखल्यानंतर मिळवलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रमाणपत्राला.

"पण मग पुढे शिकायचे ठरवले तर?" हा आयांचा हमखास प्रश्न. दार बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमा झालेल्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. ही वाट लांबची आहे, पण या वाटेने आलेल्या इंजिनिअरने यंत्र आधी हाताने उघडलेले असते. कारखान्यात अशा माणसाची किंमत काय असते, हे आमच्यातल्या दोघा निवृत्तांना विचारा. आणि पुढे शिकायचे नसेल तर इलेक्ट्रिशियनला वायरमन आणि सुपरवायझरचे परवाने काढून स्वतःची ठेकेदारी करता येते. गावातल्या कितीतरी छोट्या कारखान्यांचे मालक एके काळी दुसऱ्याच्या लेथवर उभे होते.

खरी अडचण

खरे सांगायचे तर अडचण माहितीची नाही. माहिती आता खिशातल्या फोनवर आहे. पगार ऐकल्यावर पालकांचा चेहरा खुलतो, डोळे चमकतात. पण लगेच आवाज खाली येतो आणि खरा प्रश्न बाहेर पडतो : "ते ठीक आहे हो, पण लग्नाचं कसं? स्थळाला काय सांगायचं?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपला समाज इथे मोजका आहे. सगळे एकमेकांना ओळखतात. वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात "शिक्षण" हा रकाना नावाच्या पाठोपाठ येतो, आणि तिथे पदवी नसेल तर पुष्कळदा पुढचा कागद उलटलाही जात नाही. रिफायनरीत कायम असलेला, स्वतःचे घर घेतलेला, निर्व्यसनी मुलगा तिथे मागे पडतो, आणि पदवी असून वर्षभर घरी बसलेला पुढे जातो. मुलींच्या बाबतीत तर याहून कठीण. मशिनिस्ट किंवा वेल्डर मुलगी म्हटले की लोक बातमीसारखी ऐकतात, स्थळासारखी नाही. ही अडचण सरकार सोडवू शकत नाही आणि कंपनीही नाही. ती या मंडपात बसलेले आपणच सोडवू शकतो, कारण तो मान द्यायचा की नाही हे ठरवणारे आपणच आहोत.

म्हणून केंद्राच्या वतीने कार्यकारिणीपुढे आम्ही तीन सूचना ठेवल्या आहेत, आणि त्यांना आपला पाठिंबा मागतो. पहिली : दरवर्षीच्या गुणगौरव समारंभात दहावी-बारावी आणि पदवीच्या गुणवंतांबरोबर आयटीआय, डिप्लोमा, जीएनएम आणि उमेदवारी उत्तम रीतीने पूर्ण केलेल्या मुलामुलींचाही सत्कार व्हावा, त्याच व्यासपीठावर, त्याच रांगेत, तेवढ्याच रकमेचे पारितोषिक देऊन. दुसरी : वधू-वर सूचक अर्जात "शिक्षण" या रकान्याशेजारी "कौशल्य व परवाना" असा रकाना यावा. सी.ए. तिथे आपली सनद लिहील, बॉयलरवाला आपली प्रथम श्रेणी. तिसरी : मंडळात असे काम करणारे जे सभासद आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार मुलांना द्यावा. आपण काय करतो, किती मिळते, काय त्रास होतो हे मोकळेपणाने सांगावे. चार तास आमचे ऐकण्यापेक्षा कोडेड वेल्डरचे अर्धा तास ऐकणे मुलांना जास्त उपयोगाचे आहे.

तरुण मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे. आई-वडिलांच्या धाकाने किंवा मित्राच्या नादाने वाट निवडू नका. सुटीत एखाद्या वर्कशॉपमध्ये, दवाखान्यात, कारखान्याच्या खुल्या दिवशी जा. तो आवाज, तो वास, ते उभे राहणे तुम्हाला मानवते का, हे आठवड्याभरात कळते. मानवले तर आमच्याकडे या. शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ आम्ही मंडळाच्या खोलीत असतो. कोणत्या संस्थेला मान्यता आहे, कोणती जाहिरात खरी आहे, अर्ज कसा भरायचा हे बसून पाहू. आणि पालकांनो, येताना मुलाची गुणपत्रिका आणा, पण आधी त्याला बोलू द्या.

 गणपती बाप्पा मोरया!